पंचामृतात न्हालेला मायक्रोमीटर

आमच्या घरात पगार आला आणि सगळ्यांत आधी माझ्या धाकट्या भावाचं नाव बदललं. तोवर तो रम्या होता. आईचा, अण्णांचा, सगळ्या गल्लीचा रम्या. आयटीआयला फिटरचा कोर्स करून तो नागापूरच्या एमआयडीसीत एका कंपनीत लागला, पहिला पगार त्यानं देवापुढं ठेवला, आणि त्या संध्याकाळपासून आईच्या तोंडी तो रमेश झाला. रमेश आला का बघ, रमेशला पाणी तापव, रेडिओ बारीक कर, रमेश पडलाय. मी मात्र सुनीच राहिले. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, रोज बसनं नगरला कॉलेजात जात होते, आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली पहिली मुलगी होते, पण सुनीची सुनीता करावी असं काही कुणाच्या मनात आलं नाही. आज वाटतं, एवढ्याशा गोष्टीचं काय ते. तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आम्ही मूळचे देवळाली प्रवराचे. वाटण्या झाल्यावर अण्णांनी आपला वाटा चुलत्यांना कसायला दिला आणि नागापूरला रस्त्याकडेला पिठाची गिरणी टाकली. पुढं गिरणी आणि मागं दोन खोल्यांत आम्ही. दिवसभर पट्ट्याची फडफड आणि जात्याची घरघर, त्यामुळं आमच्या घरात हळू बोलणं कुणाला ठाऊकच नव्हतं. अजून मी फोनवर बोलायला लागले की माझा मुलगा म्हणतो, आई, फोन ठेव, तशीही इथपर्यंत ऐकू येतेस. पीठ तर कुठं नसायचं? अण्णांच्या भुवयांवर, तुळशीच्या पानांवर, माझ्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर. गिरणी थांबली की मग कंपन्यांचे भोंगे ऐकू यायचे, आणि आमची आई भोंग्यावर तवा टाकायची. रमेशच्या कंपनीचा भोंगा तिला बरोबर ओळखू यायचा. तो सायकल लावून, हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत बाजरीची पहिली भाकरी टम्म फुगलेली असायची. ती त्याच्या ताटात. सोबत शेंगदाण्याची आमटी, तव्यातच रगडलेला मिरचीचा ठेचा, वर तेलाची धार. मी त्याच्या आधी आलेली असायचे, पण मला टोपल्यातली दुपारची. एकदा मी विचारलंच, मला का नाही गरम? आई भाकरी थापता थापता म्हणाली, तू बसूनच तर असतीस दिवसभर. कॉलेज म्हणजे बसणं, एवढंच तिला दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही हळूहळू तसंच दिसायला लागलं होतं.

मला त्याच्या कशाकशाचा हेवा वाटायचा हे सांगायला बसले तर लाज वाटेल, पण आता या वयात लाजून कुणाला दाखवायचं? त्याच्या निळ्या शर्टाचा वाटायचा. खिशावर कंपनीचं नाव शिवलेलं होतं आणि तो शर्ट आई वेगळा धुवायची, माझ्या ओढणीबरोबर नाही. त्याच्या फोटोच्या ओळखपत्राचा वाटायचा. "आमच्या कंपनीत" असं तो म्हणायचा त्याचा तर फारच. मी कधी "आमच्या कॉलेजात" म्हणून सुरुवात केली की आईला तेवढ्यात कुकरची आठवण व्हायची. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे अण्णा. गिरणीची मोटर बदलायची ठरली तेव्हा अण्णांनी रमेशला शेजारी बसवून घेतलं, किती हॉर्सपॉवरची घ्यावी, कुठली घ्यावी. ज्याला काल मी हाताला धरून शाळेत नेत होते तो पोरगा पाय पसरून बापाला सल्ला देतोय! मी अर्थशास्त्र घेतलं होतं. धंद्यातलं मला कुणी काही विचारलं नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही.

हे सगळं आज लिहायला बसले त्याला कारण आहे. परवा रमेशचीच धाकटी लेक माझ्याकडं आली. बारावी झालीय, पुण्यात तिच्या मैत्रिणीला कुठंशी नोकरी लागलीय आणि हिचा जीव वरखाली होतोय. आत्या, कॉलेज पूर्ण वेळ करू, का आधी नोकरी धरून अनुभव घेऊ? मी म्हटलं, बापाला विचार. ती म्हणाली, त्यांना विचारलं, ते म्हणाले आत्याला विचार. मी हसले. त्यानं का टाळलं ते मला कळलं आणि मी का टाळलं ते त्यालाही कळलं असणार. पोरीला बिचारीला काय ठाऊक.

तर तेव्हा मी अण्णांच्या मागं लागले. कॉलेज सोडत नाही म्हटलं, बाहेरून परीक्षा देते. दिवसा कुठंतरी काम धरते. पॅकिंगला बायका घेतात, मला त्यातलं काहीही चालेल. अण्णा जात्याला टाकी लावत बसले होते. टाकी लावायची म्हणजे गुळगुळीत झालेल्या जात्याच्या पाळीवर छिन्नीनं परत खाचा पाडायच्या. त्या कामात त्यांना बोललेलं आवडायचं नाही. पण मी बोलत राहिले. शेवटी त्यांनी छिन्नी खाली ठेवली आणि म्हणाले, "दोन्ही घरचा पाहुना उपाशी ऱ्हातो, सुने. कालिज तर कालिज. एकानं शिकायचं, एकानं कमवायचं, असं आपलं ठरलंय." कधी ठरलं, कुणी ठरवलं, हे मी विचारलं नाही. रमेशला विचारून ठरवलं होतं का, हे तर माझ्या डोक्यातही आलं नाही.

अशात नवरात्र आलं. आमच्याकडं घट बसायचे, कडाकण्यांची माळ देवावर टांगलेली असायची आणि आम्ही दोघं अजून चोरून तिच्यातली एखादी कडाकणी मोडून खायचो. नवव्या दिवशी खंडेनवमी. गिरणीचा पट्टा उतरायचा, जातं धुवायचं, आणि पोट भरणारं घरातलं जे जे असेल ते सगळं पाटावर मांडायचं. खुरपं, विळा, अण्णांची टाकीची छिन्नी, वजनं, आईचं शिवणाचं मशिन, आणि माझी पुस्तकं. त्या वर्षी आदल्या संध्याकाळी रमेश घरी आला तो छातीशी एक चपटी डबी धरून. फोरमनला सांगून, दसरा झाला की परत आणतो म्हणून त्यानं कंपनीचा मायक्रोमीटर घरी पूजेला आणला होता. घोड्याच्या नालेसारखं दिसणारं, तळहातात मावणारं ते पोलादी हत्यार. त्याची फिरकी फिरवायची आणि केसाची जाडीसुद्धा मोजायची. त्यानं अण्णांच्या मिशीचा केस मोजून दाखवला. अण्णा इतके खूश झाले की त्यांनी दुसऱ्या मिशीचाही मोजायला लावला. मी कोपऱ्यात उभी राहून बघत होते. मला सांगा, मी काय मोजून दाखवणार होते?

सकाळी आईनं सगळ्या हत्यारांवरून पाणी फिरवलं, पुसली, हळदकुंकू लावलं. मायक्रोमीटरपाशी आली तेव्हा ती थबकली. हा रमेशच्या पगाराचा देव. त्याला नुसतं पाणी तिला कमी वाटलं असणार. तिनं देवाच्या टाकांसाठी कालवलेलं पंचामृत घेतलं, दूध, दही, तूप, मध, साखर, आणि मायक्रोमीटरला ताम्हणात ठेवून पळी पळीनं त्याला न्हाऊ घातलं. मग पदरानं टिपून, झेंडूचं फूल वाहून मधोमध ठेवला. माझ्या पुस्तकांना लांबून एक कुंकवाची चिमूट. ती पण उडून अर्धी खुरप्यावर पडली. रमेश त्या वेळी कंपनीतल्या पूजेला गेला होता. अण्णांनी बघितलं, मीही बघितलं, पण आमच्यापैकी कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की त्याला पंचामृत आणि मला चिमूट.

पूजेतलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत हलवायचं नाही, असा आमच्याकडचा नियम. त्यामुळं दसऱ्याची पुरणपोळी झाली, सोनं वाटून झालं, आणि मग रमेशनं तो हातात घेतला. फिरकी फिरेना. त्यानं जोर लावला, मग घाबरून सोडला. वाटीत रॉकेल घेऊन त्यात बुडवला, ब्रशनं घासला, काही नाही. फिरकीच्या आट्यांत साखर आणि मध जाऊन बसला होता, आणि नालेच्या आतल्या बाजूला गंजाचा एक तपकिरी ठिपका आला होता. आई विचारत होती, काय झालं रं, देव रुसला का? रमेश परत ब्रशनं घासायला लागला. पुढच्या महिन्यात त्याला कायम करायचं का नाही ते ठरणार होतं, आणि ते ठरवणारा माणूस तो फोरमनच होता. मला वाईट वाटलं. म्हणजे वाटलंच, भाऊ होता माझा. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर, पोटात गार वाटलं हेही तितकंच खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्यापाशी आला. "ताई, तू चल माझ्यासंगं. माझ्या तोंडातून शब्द फुटनार न्हाई तिथं." मी लगेच निघाले. त्याच्यासाठी निघाले असं घरात सगळ्यांना वाटलं. मला ती कंपनी आतून बघायची होती.

फोरमनचं नाव जगताप. जाड चष्मा, कानामागं पेन्सिल, आणि चेहरा असा की हा माणूस घरीही हसत नसेल. फाटकाजवळच्या खोलीत त्यांनी डबी उघडली, मायक्रोमीटर हातात घेतला, फिरवून बघितला, मग नाकाशी नेला. रमेश भिंतीला चिकटून उभा. मी सगळं सांगितलं, काही न लपवता. आईनं देव समजून केलं, तिला हत्यार कळत नाही, पण त्याचं मोल तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त वाटलं म्हणूनच हे झालं. घरी ठेवून गेल्याबद्दल रमेशला बोला, पण बिघडवल्याबद्दल नको. मी कॉलेजात वादविवादात बोलायचे तशी बोलले. जगतापांनी माझ्याकडं आणि मग रमेशकडं बघितलं. "पूजा कर म्हनलो हुतो," ते म्हणाले. "शिकरन कर न्हाई म्हनलो." आणि तो माणूस हसला. खोलीबाहेर उभे असलेले दोघेतिघेही हसले. मायक्रोमीटर कोमट पाण्यात गेला, कारण साखर रॉकेलनं सुटत नाही, आणि मग तेलात. फिरकी हलली. तपासायला पाठवावा लागेल, तोवर पोरानं दुसरा वापरावा, आणि आईला नमस्कार सांगावा, एवढ्यावर निभावलं.

मी निघाले तशी जगतापांनी मला थांबवलं. किती शिकलीस, अक्षर कसं आहे, फोनवर बोलता येतं का, असं विचारलं. स्टोअरच्या ऑफिसात माणूस हवा होता, आलेगेलेल्या मालाची नोंद ठेवायला आणि फोन घ्यायला. काचेतून त्यांनी मला ते ऑफिस दाखवलं. खाली शेडमध्ये मशिनांचा गोंगाट आणि तेलाचा वास, आणि त्यावर जिना चढून एक छोटी खोली. टेबल, पंखा, खिडकीत पाण्याचा माठ. पूर्ण दिवसाचं काम, कॉलेज सोडावं लागेल, पण सोमवारपासून ये म्हणाले. माझे पाय जमिनीवर नव्हते. ओळखपत्र, भोंगा, आमच्या कंपनीत, सगळं एका झटक्यात माझं होणार होतं. रमेशकडं बघितलं तर तो आधीच शेडकडं चालता झाला होता.

घरी आई नुसती आनंदली. दोघं बरोबर जातील, बरोबर येतील, एकाच भोंग्यावर दोघांची भाकरी. अण्णांनी मात्र विचार करायला दुपारपर्यंतचा वेळ मागितला, आणि दुपारी ते म्हणाले, तुझं तू ठरव, माझं सांगून झालंय. झालं! एवढे महिने ज्यांच्याशी भांडत होते ते बाजूलाच झाले. मी तेवढ्यात मनातल्या मनात कॉलेज सोडूनसुद्धा टाकलं होतं.

रमेश पहिल्या पाळीवरून आला. जेवला नाही. मी गिरणीत दळण घ्यायला बसले होते, अण्णा पडले होते, गिरणी बंद होती. तो आला आणि ज्वारीच्या पोत्यावर बसला. पोत्याची शिवण उसवायला लागला. मग म्हणाला, "ताई, तू तिथं येऊ नको."

मला वाटलं, हा मोठेपणा करतोय. तू शीक, मी आहे ना, वगैरे. मी म्हटलं, शिकायचं ते मी बाहेरून शिकेन, तू काळजी करू नको.

"तुझी काळजी न्हाई करीत मी," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता आणि डोळे खाली होते. "तू तिथं वर पंख्याखाली बसनार, आन मी खाली तेलात. आज पाच मिनटं बोललीस तर सगळी म्हनत्यात, रमेशची बहीन लई हुशार. घरात तूच हुशार, शाळंत तूच हुशार. मास्तर मला तुझ्या नावानं वळखायचे. तेवढी एक जागा माझी हाय. तेवढी ऱ्हाऊ दे."

मी म्हटलं, तुला तर कंपनी आवडते.

"मला कुनी इचारलं?" तो म्हणाला. "एकानं शिकायचं, एकानं कमवायचं, व्हय ना? तू आधी जन्मलीस म्हनून तू शिकायचं. सुट्टीच्या दिवशी सायकल घिऊन कुठं जातो म्हनून आई इचारती ना? तुझ्या कालिजाला जातो. फाटकापाशी हुभा ऱ्हातो. पोरं आत-भाईर करत्यात ते बगतो आन यतो माघारी. मला दिलं असतं ना ते, एक दिवस बी बुडवला नसता मी. आन तू ते सोडाया निघालीस."

तो उठून गेला. पुस्तकात असतं तसं माझं मन त्या वेळी भावाच्या मायेनं भरून वगैरे यायला हवं होतं. आलं, पण नंतर, उशिरा, आणि अजून येतं. त्या दुपारी मात्र मला दुसरंच काहीतरी झालं. मला आनंद झाला. त्याला माझा हेवा वाटत होता! निळ्या शर्टवाला, गरम भाकरीवाला, बापाला मोटर निवडून देणारा रमेश माझ्या कॉलेजच्या फाटकाशी उभा राहून जळत होता! म्हणजे इतकी वर्षं माझ्या पदरात काहीतरी होतं, आणि मी ते दगड समजून फेकायला निघाले होते. ज्याच्यावर कुणाचा डोळा आहे असं कळलं ते हातातून सोडवत नाही. निदान माझ्याच्यानं तरी नाही.

संध्याकाळी मी सांगून टाकलं, मी कॉलेजच करणार. का, ते सांगितलं नाही. आईचा चेहरा उतरला, अण्णांनी मान हलवली आणि पुढचा घास घेतला. रमेश ताटातच बघत होता. स्टोअरमधली ती जागा नंतर सावेडीच्या एका मुलीला मिळाली. बसमधून जाताना ती मला कंपनीच्या फाटकातून आत शिरताना दिसायची, गळ्यात ओळखपत्र, आणि माझ्या पोटात दुखायचं ते दुखायचंच. आजही नागापूरच्या फाट्यावर कंपनीच्या बसमधून हसत उतरणाऱ्या बायका बघितल्या की बारीकशी कळ येतेच. एवढ्या वर्षांत ती काही गेली नाही.

पण सांगायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळचं. मी बसला निघाले आणि रमेश कामाला, आणि कधी नव्हे तो माझ्याबरोबर सायकल हातात धरून फाट्यापर्यंत चालत आला. बस लांबून दिसायला लागली तेव्हा त्यानं, रस्त्याकडं बघत, विचारलं, "तिथं नेमकं काय शिकवत्यात गं?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला काही आठवेना. दुसऱ्या वर्षाला होते मी! मी म्हटलं, सर येतात, टिपणं सांगतात, आम्ही उतरवून घेतो. मग दुसरे सर येतात.

तो थांबला होता, पुढं आणखी काही येईल म्हणून.

"एवढंच?" तो म्हणाला. आणि त्याचा चेहरा इतका सैल झाला, इतका मोकळा झाला, की काय सांगू. त्यानं सायकलवर टांग टाकली आणि शीळ घालत गेला.

बसमध्ये मला जागा मिळाली नाही. दांड्याला धरून उभी होते आणि माझे कान तापले होते. खिडकीतून बघितलं तर उलट्या दिशेचं विळद मागं गेलं होतं; मी नगरच्या नव्हे, राहुरीच्या बसमध्ये चढले होते. उतरले, रस्ता ओलांडला, आणि परतीच्या बसची वाट बघत तिथंच एका दगडावर बसून पिशवीतून अर्थशास्त्राचं पुस्तक काढलं. पुठ्ठ्यावरचं पीठ झटकलं आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. संध्याकाळी रमेशला असं काहीतरी सांगायचं होतं की ऐकून त्याचा जीव जळला पाहिजे.